येते म्हणून गेलीस

अल रीम आयलंड, अबू धाबी
२२ जून २०२५

इरा,

'चि. सौ.' लिहिलं होतं, खोडलं. आशीर्वादही लिहीत नाही, डोकं शांत होईपर्यंत तरी नाही. तुझा नंबर बंद. तुझी ती अठराव्या मजल्यावरची मैत्रीण मुग्धा, तिला तुझा ठावठिकाणा माहीत आहे, पण मेली तोंड उघडेल तर शपथ. "काकू, कागदावर लिहून द्या, मी फोटो काढून पाठवते," म्हणे. म्हणजे पासष्टाव्या वर्षी मी सुनेला चोरून चिठ्ठ्या लिहायच्या. काय पण दिवस दाखवलास!

मला एवढंच सांग, आमचं काय चुकलं? ईदच्या सुट्टीत नवऱ्याने युरोप दाखवला. विधवा आईलाही बरोबर घेतलं. ऑस्ट्रियातल्या डोंगरांमधली तीन तळी एका दिवसात, गाडी, गाइड, बोट सगळं इन्क्लुडेड. मला इंग्लिश भरभर समजत नाही म्हणून हिंदी बोलणारी गाइड शोधली त्याने, ती साजिदा. कोण करतं आजकाल आईसाठी एवढं?

आणि तू? सकाळी गाडीत बसल्या बसल्या "मला गाडी लागते" म्हणून पुढे साजिदाशेजारी जाऊन बसलीस. नवरा मागे, सासू मागे, आणि महाराणी पुढे खिदळतायत. वेदांगने तेही चालवून घेतलं. पहिल्या तळ्यावर मला चार युरोची पाण्याची बाटली घेऊन दिलीन, सतरा दिरहम, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये, आणि समोर तळंभर पाणी! मी दोन घोट घेतले आणि बाटली जपून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या तळ्यावर माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी वर बाकावर बसले. तुम्ही दोघं खाली बोटी बांधतात त्या फळ्यांवर गेलात, त्या लाकडी शेडच्या मागे. परत आलीस ती डोकं निथळत, ओठ निळे. "घसरले आई." मी म्हटलं, धांदरट आहेस, सरळ चालता येत नाही. तेव्हा स्वतःचं जाकीट काढून तुझ्या अंगावर कोणी टाकलं? माझ्या मुलानेच ना?

आणि तिसऱ्या गावात, जेवण झाल्यावर, पर्स काखेला लावून माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "येते हं आई." मी म्हटलं, ये. बाथरूमला गेली असेल. किती वेळ झाला तरी पत्ता नाही. गाडीतले बाकीचे घड्याळं बघायला लागले. वेदांग उठायला लागला तर मीच त्याला खाली बसवलं. साजिदाला ठणकावून सांगितलं, "आती हूँ बोलके गयी है मेरी बहू, रुको." एवढा माझा विश्वास, आणि तू आलीस ती कशी, तर आलीच नाहीस. दोन पोलीस आले. तुझा पासपोर्ट मागायला!

वेदांगचं डोकं फिरलं. कोणाचं फिरणार नाही? हातातली सेल्फीस्टिक त्याने साजिदाच्या तोंडावर हाणली. तिचा ओठ फाटला, हे वाईट झालं, मी कबूल करते. पण त्या धटिंगण पोलिसांनी त्याला खाली पाडून पाठीवर गुडघा रोवला गं. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोराचं तोंड खडीवर घासलं. मी मराठीत ओरडत होते, कोण ऐकतंय? रात्रभर त्याला कोठडीत ठेवलं, दंड घेतला, तुझ्या आसपास फिरकायचं नाही म्हणून बजावलं. आणि मी त्या हॉटेलात एकटी, भाषा येत नाही, जेवण जात नाही.

फेब्रुवारीत मी पुण्याहून इथे आले. चार महिने तुमच्याच घरात आहे. माझ्या मुलाने तुला बोट लावलेलं मला दिसलं नसतं? झालं ते खलास. ये परत. तू 'येते' म्हणाली आहेस, मी ते धरून बसले आहे.

कुंदा


२ जुलै २०२५

आई,

पाया पडते. तुम्ही रागाने पाय मागे घ्याल, तरी पडते.

मी कुठे आहे ते लिहीत नाही. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तुम्हाला माहीत असलं तर तो तुमच्याकडून काढून घेईल, म्हणून.

त्या शेडच्या मागे मी घसरले नव्हते. फळ्यांच्या टोकाला नेऊन त्याने विचारलं, "What were you telling her in the car?" मी म्हटलं, काही नाही, ती तिच्या मुलाच्या शाळेतले किस्से सांगत होती. त्याने मानेवरचे केस मुठीत धरले, मला गुडघ्यांवर बसवलं आणि तोंड पाण्यात घातलं. आरडाओरडा नाही, शिवी नाही. वरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं नवरा बायकोला मासे दाखवतोय. पाणी इतकं थंड होतं की डोळ्यांच्या आत कळ गेली. मी फळीवर हात आपटत होते. त्याने वर काढलं, मी एक श्वास घेतला आणि त्याने पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं. मग बाहेर काढून म्हणाला, "Next time I won't pull you out. Accidents happen on holidays." आणि जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं, तुम्हाला दिसावं म्हणून.

आई, तो ते करणार होता. तीन वर्षांत मार किती खाल्ला ते मी मोजत नाही. बरगडी, कान, एकदा इस्त्री. पण त्या दिवशीचा त्याचा आवाज वेगळा होता. त्याचं ठरलेलं होतं.

साजिदाने वरच्या रस्त्यावरून पाहिलं. तिसऱ्या गावात लेडीज टॉयलेटमध्ये ती माझ्या मागे आली आणि आरशात बघून म्हणाली, "पुलिस चर्च के पीछे है. जाना है तो अभी जाओ, मैं गाड़ी रोकती हूँ." पण ती एकटी गाडी किती थांबवणार? वेदांगला लगेच वास येतो. तो उठून शोधायला निघाला असता तर चर्चच्या अलीकडेच मला गाठलं असतं. तो उठला नाही, कारण तुम्ही त्याला बसवलंत. साजिदाने नंतर सांगितलं, तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत, की तो निवांत आइस्क्रीम खात बसला. त्या वेळात माझा जबाब लिहून झाला. तुमच्या एका शब्दावर मी जिवंत आहे. तुम्हाला ते माहीत नव्हतं आणि मी तुम्हाला फसवलं, ह्याबद्दल माझं मलाच वाईट वाटतं.

आणि 'येते' ही लबाडी नव्हती हो. मनात 'जाते' म्हणायचं होतं, जिभेवर आलंच नाही. आठवतं का, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही आमच्याकडे होतात, तेव्हा मी ऑफिसला निघताना "जाते आई" म्हणाले होते, तर तुम्ही मला चपला काढायला लावून आत बसवलंत, हातावर साखर ठेवलीत, आणि म्हणालात, "जाते म्हणणारी बाई परत येत नाही, पुन्हा म्हण." वेदांग हसत होता. "Mom, it's just a verb," म्हणाला होता.

कृपा करून त्याला काही विचारू नका. माझं पत्र आलं हेही सांगू नका. पाया पडून सांगते.

इरा


अल रीम आयलंड
९ जुलै २०२५

इरा,

खोटं. साफ खोटं. मुग्धाने छापून दिलेलं तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा रागाने बाजूला फेकलं.

तुझे सासरे तीस वर्षं इथल्या मुसाफ्फाच्या वर्कशॉपमध्ये उन्हातान्हात राबले, घरी आल्यावर आवाज चढवला नाही कधी. त्या माणसाचा मुलगा आहे तो. इथेच अबू धाबीत आमच्या जुन्या घरात लहानाचा मोठा झाला, मांजरीची पिल्लं गोळा करायचा बाल्कनीत. हाच पोरगा बायकोचं तोंड पाण्यात बुडवेल? तुझी काहीतरी वेगळी भानगड आहे आणि तू ती ह्याच्या माथ्यावर मारते आहेस.

तू म्हणतेस विचारू नका. का बरं? खोटं उघडं पडेल म्हणून? मी आज विचारणार. समोर बसवून, डोळ्याला डोळा देऊन. मी त्याची आई आहे, माझ्याशी तो खोटं बोलूच शकत नाही. मग बघते तुझ्याकडे.

कुंदा


अल रीम आयलंड
३ ऑगस्ट २०२५

इरा,

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हाताने लिहिते आहे. उजवं मनगट मोडलं. बाथरूममध्ये पडले. ह्या वयात हाडं काय, पापड झालेली असतात. वेदांगच मला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला, डॉक्टरला सगळं इंग्लिशमध्ये त्यानेच सांगितलं, मला काही बोलावं लागलं नाही. पुढचे दोन दातही गेले. जाऊ देत, आता कुठे भुट्टे खायचे आहेत.

त्याला विचारलं मी. चिडला थोडा. साहजिक आहे, ऑफिसात टेन्शन आहे, प्रोजेक्ट लेट चाललाय. माझा फोन त्याने ठेवून घेतलाय, मला स्कॅमचे कॉल येतात म्हणून. कढीपत्ता मागायच्या निमित्ताने मुग्धाकडे उतरते, तेवढंच.

रोज संध्याकाळी आला की विचारतो, "Where is she, Mom? तू तर म्हणालीस ती येते बोलली." मी म्हणते, मला माहीत नाही बाबा. खरंच माहीत नाही. ते बरं आहे. तू कळवूही नकोस. मुग्धाला सांग, चुकून माझ्यापुढे बोलू नकोस.

तुझ्या त्या बरगडीचं आता कसं आहे? थंडीत दुखते का?

कुंदा


७ ऑगस्ट २०२५

आई,

त्या बाथरूममध्ये मीही पडायचे. डॉक्टरांना तोच इंग्लिशमध्ये सांगायचा, आणि मी मान हलवायची. त्या बाथरूममध्ये कोणी पडू शकत नाही हो. दारापासून बेसिनपर्यंत रबरी मॅट आहे, तुम्ही येणार म्हणून मीच आणून घातली होती.

मी तुम्हाला काही विचारत नाही. तुम्ही त्याची आई आहात, तुमच्याकडून ते वदवून घ्यायचा मला अधिकार नाही. पण माझं एक ऐका. कढीपत्ता मागायला उतरलात की परत वर जाऊ नका. मुग्धाच्या घरात बसा आणि तिला फोन लावायला सांगा. त्याची आई म्हणून तो हात आखडता घेईल असं मलाही वाटलं होतं. तसं असतं तर मनगट मोडलं नसतं.

तुम्ही मला रागावा, शिव्या द्या, पण 'ऑफिसात टेन्शन आहे' असं पुन्हा लिहू नका. हे वाक्य मी तीन वर्षं माझ्या आईला फोनवर ऐकवलंय.

बरगडी बरी आहे. नोकरीसाठी अर्ज करते आहे. ॲटेस्टेड सर्टिफिकेटं त्याच्या कपाटात अडकलीत, त्यांच्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. असू देत. ती आणायला मी काही परत येत नाही.

हे पत्र वाचून लगेच फाडून टाका. ठेवू नका, आई.

इरा


अल ऐन
१९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. इरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला कळवायला आनंद होतो की मी आता अल ऐनला अरुणभावजींकडे राहायला आले आहे. अरुणभावजी म्हणजे माझे चुलत दीर, तू त्यांना लग्नात भेटली होतीस. माझी तब्येत उत्तम आहे. वेदांग ऑफिसच्या कामासाठी सहा महिने रियाधला गेला आहे. तो आता खूप बदलला आहे आणि त्याला पश्चात्ताप झाला आहे. तुझ्यावर त्याचा काही राग नाही.

तुझी सर्व ॲटेस्टेड सर्टिफिकेटं आणि दागिने मी माझ्याबरोबर आणले आहेत. ते कुरियरने पाठवणे सेफ नाही. तू स्वतः येऊन घेऊन जा. तुझी फ्लाइट कुठली आणि कधी ते मुग्धाकडे कळव, म्हणजे अरुणभावजी तुला एअरपोर्टवर घ्यायला येतील. मी घरात एकटी असते, आपण दोघी निवांत बोलू. येताना पोलीस वगैरे कोणाला सांगण्याची गरज नाही.

माझ्या हातावरचं प्लास्टर लवकरच निघेल. बाकी सर्व क्षेम. पत्र पुरे करते.

मी जाते.

तुझी सासू,
कुंदा


१९ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

मुग्धा,

आत्ता पाठवलेलं पत्र आईंनी तुला कुठे दिलं? अल ऐनहून कसं देतील? त्या वरच्याच मजल्यावर आहेत ना? तो बरोबर होता का?

ते पत्र त्यांचं नाही. 'पश्चात्ताप' शब्द त्यांनी उभ्या जन्मात वापरला नसेल. ते सगळं मी बाजूला ठेवते. पण शेवटी बघ, 'मी जाते' लिहिलंय. ज्या बाईने मला चपला काढायला लावून परत आत बसवलं, ती स्वतःच्या हाताने 'जाते' लिहिणार नाही. त्याने डोक्यावर उभं राहून लिहून घेतलंय, वाचूनही पाहिलं असेल, आणि त्याला त्यात काही दिसलं नाही. मला सांगतायत त्या, मुग्धा. मी येऊ नये आणि त्यांचं काही खरं नाही, दोन्ही एका शब्दात सांगतायत.

वर जाऊ नकोस. बेल वाजवू नकोस. आत्ता, ह्या मिनिटाला पोलिसांना फोन कर. म्हणावं, म्हातारी बाई आहे, मुलाने कोंडून ठेवलंय. माझा ऑस्ट्रियातला जबाब सोबत जोडला आहे, तो त्यांना दाखव. तो गोड बोलेल. "My mother falls a lot" म्हणेल. त्यांना म्हणावं बाईला डोळ्यांनी बघितल्याशिवाय दारातून हलू नका.

कृपा कर. मला कळव.

इरा


मुग्धाकडे, अठरावा मजला
२१ सप्टेंबर २०२५

चि. इरा,

आशीर्वाद. मागचे जेवढे राहिले तेवढे सगळे धरून.

मुग्धाने तुला निरोप दिलेच आहेत, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस. कालच प्लास्टर निघालं, आता उजव्या हाताने लिहिते आहे.

तुझं पत्र मी फाडलं नाही. एवढं बजावलं होतंस, तरी नाही फाडलं. फाडवेना. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. तो मेला आयुष्यात कधी भाकरी खात नाही, त्या दिवशी डबे धुंडाळायला लागला. मला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावलं. एक ओळ गाळली तर मोडक्याच मनगटावर हात आपटला. तुला लिहिताना म्हटलं होतं ना, माझ्याशी तो खोटं बोलू शकत नाही? अगं, खोटं बोललाच नाही तो. जुलैत विचारलं तेव्हा सरळ म्हणाला, "Yes, I did. And I'll finish it." मी कानफटात मारली त्याच्या. मग त्याने मला भिंतीवर आपटलं. दात तिथेच गेले. हे मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.

तो मजकूर त्याने इंग्लिशमध्ये सांगितला, मी मराठी केलं. डाव्या हाताने, त्याच्या समोर. 'पश्चात्ताप' त्याने फोनवर शोधून काढला. तुला एअरपोर्टवरून कुठे नेणार होता तेही त्याने मला सांगितलं, लपवायची गरजच वाटली नाही त्याला. दुबईकडच्या डोंगरातल्या हत्ताच्या धरणावर. "She likes lakes," म्हणाला. हे सांगताना तो चहा पीत होता, इरा. मी केलेला चहा.

मग कागद त्याने स्वतःच्या हातात घेतला. एक एक अक्षर लावून वाचत होता, शाळेत हिंदी होतं त्याला. 'मी जाते'वर बोट थांबलं. मला वाटलं, संपलं. "Fine," म्हणाला. लिफ्टने बरोबर खाली आला, मुग्धाच्या दारात मी कागद दिला तेव्हा तिला दिसू नये म्हणून कोपऱ्याआड उभा होता. वर नेऊन मला मोलकरणीच्या रिकाम्या खोलीत, मेडरूममध्ये कोंडलं, तुझं उत्तर येईपर्यंत.

पोलीस आल्याचं मला बेलवरून कळलं. तो दारात म्हणत होता, आई झोपली आहे. त्या खोलीत मी उन्हाळ्यात मसाला कुटायला घेतलेला लोखंडी खलबत्ता होता. डाव्या हातात बत्ता घेतला आणि दारावर घालायला लागले. घाल घाल घातला. तो धावत आला, कुलूप काढलं, माझा गळा धरला. तेव्हा मी बत्ता त्याच्या गुडघ्यावर हाणला. सगळ्या ताकदीने हाणला गं. हाड वाजलेलं ऐकलं मी. ज्या गुडघ्याला खरचटलं की फुंकर घालायचे, तोच. तो खाली पडला आणि मी पुन्हा उचलला होता बत्ता. पोलीसबाईने मागून माझा हात धरला, "खालती, खलास, खलास," म्हणाली, म्हणजे मावशी, बस झालं. तिने धरला नसता तर काय केलं असतं ते मला माहीत आहे आणि ते मला झोपू देत नाही.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या आठवड्यात अरुणभावजी अल ऐनहून आले. तोंडभर वहिनी वहिनी करत. "वहिनी, पोर चुकलं. करिअर जाईल, जेल होईल, डिपोर्ट करतील. तुम्ही तनाझुल द्या." इथे तक्रार करणाऱ्याने स्वतःहून ती सोडून दिली की त्याला तनाझुल म्हणतात. मी सोडली तर तो फार लवकर बाहेर येईल. भावजी म्हणाले, "आई आहात तुम्ही." मी म्हटलं, "भावजी, मला शिकवू नका मी कोण आहे. तुमच्या नावाने सुनेला बोलावून घेणार होता तो, तुम्हाला काही लाज?" तर म्हणतात कसे, घरातली भांडणं घरात मिटवावीत. हाकलून दिलं त्यांना. मुग्धाने केलेला शिरा खाऊन गेले, तो वर.

काल मला ठाण्यात बोलावलं होतं. तीच पोलीसबाई होती. तिने वेदांगला समोर आणलं, कुबडी घेऊन. दाढी वाढलेली, वाळलाय. मला बघून रडायला लागला. "Mom, please. Mom, I'm sorry. Tell them." लहानपणी ताप आला की असाच तोंड वाकडं करून रडायचा. मी उठले. खरं सांगते तुला, त्याच्याकडे जायलाच उठले होते. हात पुढे गेला होता माझा.

मग मी त्याला विचारलं, "सुटलास तर इराला सोडशील?" एवढंच विचारलं. त्याने डोळे पुसले. पुसता पुसता एक क्षण थांबला. उत्तर आलं, "Of course, Mom," पण आधी तो क्षण थांबला होता. मी त्याला नऊ महिने पोटात वागवलंय, चौतीस वर्षं बघतेय. तो विचार करत होता मला काय सांगितलं की चालेल.

पोलीसबाईने हिंदीत विचारलं, "माँजी, तनाझुल? सोच लो, बेटा है." कागद समोर होता, पेन समोर होतं. मी अरबीत म्हटलं, ला. तिला वाटलं मी 'लाओ' म्हणते आहे, तिने पेन पुढे सरकवलं. मी पेन उचलून तिच्या हातात परत दिलं आणि पुन्हा म्हटलं, ला. नहीं. नो. नाही. येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांत म्हटलं, म्हणजे त्यालाही नीट कळावं.

त्याने मला शिवी दिली. रडू त्याच मिनिटाला थांबलं होतं.

बाहेर येऊन मुग्धाच्या गाडीत बसले आणि काचा बंद केल्यावर ओरडले. त्याच्या जन्माच्या वेळी ओरडले नव्हते एवढी ओरडले. मुग्धा बिचारीने गाडी बाजूला घेतली.

सही केलेली नाही, इरा. पुन्हा बोलावतील, भावजी पुन्हा येतील, तो पुन्हा रडेल. मी करणार नाही.

तुझी,
आई